बाबा फायनल

१

गोठिवलीत कुणाचा वाढदिवस असो, हळद असो नाहीतर दहावा असो, त्याचा बॅनर दिपेश म्हात्रेच्या कॉम्प्युटरमधून निघाल्याशिवाय ते कार्य झालं असं कुणी मानत नसे. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचा स्टुडिओ होता. वरच्या मजल्यांवर भाडेकरू, खाली हे कुटुंब, आणि स्टुडिओ नि मागची खोली यांच्यामध्ये प्लायवूडचं एक पार्टिशन. मागच्या खोलीत त्याचे वडील, गोटीराम म्हात्रे, पलंगाला खिळलेले. उन्हाळ्यात छातीच्या दुखण्यानं त्यांना इस्पितळात ठेवलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि तरीही म्हातारा घरी परत आला होता. आता उशाशी ऑक्सिजनचं मशीन घोंघावायचं आणि बाबांचा श्वास करवत ओढल्यासारखा प्लायमधून ऐकू यायचा. दिपेशला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो चालू असला म्हणजेच त्याचं कामात लक्ष लागे.

सकाळी आंघोळ करून तो कॉम्प्युटर चालू करायचा, मॉनिटरला उदबत्ती ओवाळायचा आणि बसायचा. त्या दिवशी एका भावी नगरसेवकाचा वाढदिवस होता. गावात भावी नगरसेवक एवढे झाले होते की आजी नगरसेवकाला कुणी विचारत नव्हतं. साहेबांच्या गळ्यातली साखळी जरा जाड करायची होती. दिपेश ती जाड करत होता आणि माऊस मध्येच थांबला.

नुसता माऊस नाही, सगळंच थांबलं. कॉम्प्युटरच्या डब्यावरचा हार्ड डिस्कचा लाल दिवा लुकलुकायचा सोडून पेटलेलाच राहिला. मग आतून ‘टक्’ असा बारीक आवाज आला आणि सगळं परत चालू झालं.

दिपेशनं डब्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. तो मुळातच संशयी. रिक्षावाल्यानं न मागता सुटे परत दिले, तर ते का दिले म्हणून दिवसभर विचार करणारा माणूस. मशीन जुनं झालं की असं होतं, हे त्याला ठाऊक होतं. पण आपोआप काही होतं यावर त्याचा विश्वास नव्हता. कुणीतरी काहीतरी केलेलं असतंच.

२

पहिला संशय वरच्या भाडेकरणीवर गेला. तिनं नवी इंडक्शन शेगडी घेतली होती. ती पेटवली की खालचा विजेचा दाब पडत असणार. दिपेश जिना चढून गेला, तिला भात होईपर्यंत शेगडी बंद ठेवायला लावली, आणि खाली येऊन बसतो तोच मशीन परत अडकलं. भाडेकरीण दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

दुसरा संशय हरेशवर. हरेश धाकटा भाऊ, ऐरोलीत सोसायटीत राहणारा आणि महापेला एका कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये कामाला. लांबून मदत करता यावी म्हणून त्यानंच एकदा दिपेशच्या मशीनमध्ये शिरायची सोय करून ठेवली होती. दिपेशनं आधी इंटरनेटची वायर उपटली आणि मग त्याला फोन लावला.

“काय रे, तू माझ्या कॉम्प्युटरमध्ये बसतोस का मधी मधी?”

“दादा, मला इथं मरायला फुरसत नाय, तुझ्या बॅनरमध्ये कशाला बसू?” हरेश हसला. “काय होतंय ते सांग ना.”

दिपेशनं सांगितलं. हरेशनं एकेक उपाय सांगितला. डेटाची वायर बदल. मदरबोर्डवरची दुसरी जागा वापर. डिस्कला झोपू देण्याची सेटिंग बंद कर. धूळ काढ. दिपेशनं सगळं इमानेइतबारे केलं. रॅम काढून खोडरबरानं पुसली, पंख्यातून बोळाभर धूळ काढली, नवी वायर आणून लावली. दोन दिवस मशीन निमूट चाललं. तिसऱ्या दिवशी हळदीच्या बॅनरवर नवरीचं नाव टाकताना माऊस पुन्हा थिजला.

“मग डिस्कच जातेय ती,” हरेश म्हणाला. “एखादा भाग खराब झाला असेल. वाचायला गेली की तिथं अडकते, पुन्हा पुन्हा ट्राय मारते, म्हणून टाइम लागतो. बाबा कसे हायेत?”

“हायेत.”

“बॅकअप घे दादा. कधी पन जाईल.”

फोन ठेवल्यावर दिपेशला वाटलं, हा नेमकं कशाबद्दल बोलला?

३

खरं काय बिघडलंय ते त्याला कळलं ते कानानं.

दुपारची वेळ होती. नमिता, त्याची बायको, मागच्या दारी बोंबील साफ करत होती आणि लेक मनस्वी शाळेत होती. मशीन अडकलं. लाल दिवा पेटून राहिला. दिपेश हाताची घडी घालून ‘टक्’ची वाट बघत होता, आणि त्याला एकदम जाणवलं की घर फार शांत आहे.

करवत थांबली होती.

तो उठणार एवढ्यात डब्यात ‘टक्’ झालं, माऊस हलला, आणि प्लायच्या पलीकडे बाबांनी खर्रकन श्वास घेतला.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण त्या दिवशी मशीन जितक्या वेळा अडकलं तितक्या वेळा त्यानं कान दिला, आणि तितक्या वेळा फांदी तुटली.

दिपेश बावळट नव्हता. त्यानं कारण शोधून काढलं. बाबांचं ऑक्सिजनचं मशीन आणि हा कॉम्प्युटर एकाच लाइनवर होते. दाब पडला की दोन्ही अडखळतात, हवा कमी पडते, म्हाताऱ्याचा श्वास अडतो. साधी गोष्ट होती. त्यानं वरच्या मजल्यावरून वेगळी वायर ओढून बाबांचं मशीन दुसऱ्या मीटरवर घेतलं आणि समाधानानं बिडी ओढली.

संध्याकाळी कॉम्प्युटर अडकला. प्लायच्या पलीकडे ऑक्सिजनचं मशीन न अडखळता घोंघावत होतं. त्यात फक्त श्वास नव्हता.

लाल दिव्याकडे बघत दिपेश पुटपुटला, “चल ना. चल की.” बंद पडलेल्या स्कूटरला सांगावं तसं.

४

दुसऱ्या दिवशी त्यानं नमिताला कॉम्प्युटरसमोर बसवलं. “माऊस हलवत राहा. अडकला की नुसती हाक मार,” असं सांगून तो बाबांच्या पलंगाशी गेला.

बाबा जागे होते. एकेकाळी खाडीत होडी वल्हवणारा, आणि नवं शहर उभारताना जमिनी गेल्यावर कंपनीत वॉचमनकी केलेला माणूस आता उशांना टेकून बसला होता. पण डोळे अजून धारदार होते.

“दिपू, असा काय बगतंस? मी काय पळून चाललूय?”

“नाय बाबा. बसलोय जरा.”

“मग बसलाच हायस तर मना पा—”

शब्द तिथंच थांबला. तोंड उघडं, ओठ ‘पा’वर, छाती वर आलेली. डोळे दिपेशवर रोखलेले, पण त्यांत दिपेश नव्हता. ओठाच्या कडेला आलेला लाळेचा थेंब खाली पडेना.

“अडकला!” पुढच्या खोलीतून नमिता ओरडली.

दिपेशनं बाबांचा खांदा धरला. तो दगडासारखा लागला असता तर बरं झालं असतं. तो ऊबदार होता, नेहमीसारखाच, फक्त त्यात काहीच चालू नव्हतं.

पुढच्या खोलीत ‘टक्’ झालं.

“—नी दे,” बाबा म्हणाले. मग त्याच्या हाताकडे बघून, “खांदा कशाला आवळतंस रं?”

पाणी देताना दिपेशनं अर्धं चादरीवर सांडलं. आता त्याला माणसांचा संशय येईना, आणि त्याला सगळ्यात भीती वाटली ती याचीच.

त्या दुपारी त्यानं डिस्क तपासायचं सॉफ्टवेअर लावलं. ते हजारो फायली सरसर ओलांडत गेलं आणि एकीवर जाऊन थांबलं. लाल दिवा पेटला. प्लायपलीकडे शांतता झाली. फायलीचं नाव होतं ‘बाबा फायनल’.

ती त्यानंच केली होती. इस्पितळात डॉक्टर ‘नातेवाइकांना बोलवून घ्या’ म्हणाले, त्याच दिवशी घरी येऊन. गावात कुणी गेलं की तासाभरात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा बॅनर नाक्यावर लागायला लागतो, आणि तो दिपेशच करतो. मग दिपेशचाच बाप गेल्यावर कोण करणार? दुसऱ्या कुणी मोबाइलमधला वाकडातिकडा फोटो लावला असता, नावं खालीवर केली असती, भाऊबंदकी पेटली असती. हरेशनंही फोनवर विचारलं होतं, ‘दादा, ते तयार ठेवलंस ना?’ नमितानं मात्र पदर तोंडाला लावला होता. ‘जित्या मानसाचा असला बॅनर कोन करतं वो?’ दिपेशनं तिला गप्प केलं होतं आणि मन लावून काम केलं होतं. सुरकुत्या पुसल्या. गाल भरले. पांढरंशुभ्र जाकीट घातलेलं तयार धड कॉम्प्युटरात असतं, त्यावर चेहरा बसवला. ओठांचे कोपरे किंचित वर उचलले, कारण गावात फोटोला कुणी हसत नाही आणि बॅनरवर मात्र सगळ्यांना आपला माणूस हसरा हवा असतो. गेलेल्या सगळ्यांना दिपेश तेच एक हसू देत असे. फक्त तारीख मोकळी सोडली.

मग बाबा घरी आले, आणि आनंदाच्या भरात फाइल तशीच राहून गेली.

५

फाइल उडवायची, झालं. त्यानं ती निवडली आणि डिलीटचं बटण दाबलं.

लाल दिवा पेटला आणि पेटलेलाच राहिला. एरवी ‘टक्’ होईल इतका वेळ गेला. मग त्याहून जास्त वेळ गेला.

“अहो!” मागच्या खोलीतून नमिताची किंकाळी आली. “अहो, बाबा बगा! ओठ निळे पडले!”

दिपेशचं बोट रीस्टार्टच्या बटणावर गेलं आणि तिथंच थांबलं. मशीन मध्येच मारलं तर? मध्येच मारलं तर नक्की काय मरेल? तो आयुष्यात कधी एवढा घाबरला नव्हता. दोन्ही हात डब्यावर ठेवून तो रडकुंडीला येऊन म्हणाला, “नाय उडवत. नाय उडवत. राहू दे.”

टक्.

फाइल जागच्या जागी होती. मागून खोकल्याची मोठी उबळ आली आणि त्यामागून नमिताचं “देवा, देवा”.

त्यानं तिला सगळं सांगितलं नाही. ‘डॉक्टर म्हणालेच होते, श्वास मधी मधी थांबेल’ एवढं म्हणाला, आणि बोलताना त्याला ते खरंही वाटलं. आजारी म्हातारा आहे. खराब डिस्क आहे. जगात दोन्ही गोष्टी असतात. पण तेव्हापासून त्यानं कॉम्प्युटर बंद करणं सोडलं, आणि कामाची फाइल उघडतानाही त्याचा जीव मुठीत असायचा. अडकण्याची वेळ लांबत चालली होती. डिस्क मरत होती, हे त्याला समजत होतं. ती पुरती मेली की मग बाबांचं काय, हा प्रश्न तो स्वतःला विचारत नव्हता.

“क्लोन मार,” हरेश म्हणाला. “नवी डिस्क घे, जुनीची जशीच्या तशी कॉपी उतरव. वाचता येत नाय तेवढं सोडून ते पुढं जातं. नवी डिस्क, सगळं तेच. टेन्शन खलास.”

“सगळं तेच?”

“दादा, क्लोन म्हणजे क्लोन. मशीनला पन फरक कळत नाय.”

दिपेशनं वाशीहून नवी डिस्क आणली. दुकानदारानं पाकीट त्याच्यासमोर फोडलं, तरी त्यानं ती उलटसुलट करून वास घेऊन पाहिली.

६

क्लोन लावला तेव्हा नमिता मनस्वीला घेऊन माहेरी, घणसोलीला, साखरपुड्याला गेली होती. घरात दिपेश आणि बाबा. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते आणि करवत संथ चालली होती. पडद्यावर निळी पट्टी पुढे सरकत होती. दुपार कलली होती आणि गल्लीत भंगारवाला ओरडत होता. दिपेशला बऱ्याच दिवसांनी जरा हलकं वाटलं.

पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा बाबा खोकले.

आणि खोकले.

दिपेशनं मान वर केली. माणूस दोनदा खोकतो, त्यात नवल काय? पण पहिला खोकला संपायच्या आत दुसरा सुरू झाला होता.

तो ऐकत राहिला. करवत येत होती, जात होती. तिच्याखाली, जरा मागून, दुसरा एक श्वास येत होता. त्याला घरघर नव्हती. नव्या फरशीवर झाडू फिरवावा तसा तो गुळगुळीत होता.

पार्टिशनला कान लावायचं धाडस त्याला झालं नाही. तो दारातून आत गेला. बाबा पलंगाच्या अगदी कडेला आले होते, भिंतीपाशी, एक गुडघा भिंतीला टेकलेला. त्यांच्या पाठीमागे अर्धा पलंग मोकळा होता. त्यावर चादर होती.

“दिपू,” बाबा न वळता म्हणाले. “माझे मागं कोन निजलाय रं?”

“कोन नाय बाबा.”

“मग मना सरकवतंय कोन?”

चादर वर होत होती, खाली होत होती. बाबांची पाठ वर जाई तेव्हा ती खाली येई. चादरीखाली फार काही नव्हतं. एखाद्या माणसाएवढं नव्हतं. अजून नव्हतं.

दिपेशनं चादर उचलली नाही. पुढे कितीतरी वेळा त्यानं स्वतःला विचारलं की का नाही उचलली, आणि उत्तर एकच येई: ती उचलली असती तर पट्टी पुरी होऊ देणं त्याला जमलं नसतं. तो उलट्या पावली स्टुडिओत आला. पट्टी शेवटाला पोचली होती. पडद्यावर संदेश होता: दोन्ही डिस्कची ओळख एकच असल्यामुळे एकच चालू ठेवता येईल.

एकीकडे मरायला टेकलेली डिस्क, एकीकडे कोरी करकरीत. कुणीही जे केलं असतं तेच त्यानं केलं. मशीन बंद केलं, जुनी काढली, खणात टाकली, नवी लावली आणि बटण दाबलं.

करवत थांबली. या वेळी ‘टक्’ झालं नाही.

“दिपेश,” दारातून आवाज आला. “चहा मिळेल का जरा?”

बाबा उभे होते. आपल्या पायांवर, नाकात नळी न घालता.

७

नमिता परत आली आणि ओक्साबोक्शी रडली. म्हाताऱ्याला धरून धरून रडली. मनस्वी आजोबांच्या हाताला लोंबकळली. हरेश ऐरोलीहून निवट्या घेऊन आला, बाबांच्या आवडीची खाडीतली मासळी, आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, कधी कधी होतं असं. सगळं गाव बघून गेलं. कॉम्प्युटर लोण्यासारखा चालत होता.

घरात एकटा दिपेश बाबांना निरखत होता.

बाबांनी निवट्यांचं कालवण बाजूला सारलं. “राहू दे,” म्हणाले, गोड आवाजात. ज्यानं एकदा कालवणात आंबट कमी पडलं म्हणून ताट भिरकावलं होतं, तो माणूस. ते कुणावर ओरडत नव्हते. दिपेशला दिपू म्हणत नव्हते. दिवसभर ओट्यावर समोर तोंड करून बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडायचे आणि हसायचे. ओठांचे कोपरे किंचित वर.

एका सकाळी ते पेपर वाचत असताना दिपेशची नजर त्यांच्या डाव्या कानाकडे गेली. तरुणपणी होडीवर लोखंडी गळ लागून त्या कानाची पाळी फाटली होती. लहानपणी दिपेश त्या फटीत बोट घालून झोपायचा. ती फट आता नव्हती. कान अख्खा होता, उजव्यासारखाच. अगदी उजव्यासारखाच, कारण बॅनर करताना दिपेशनं उजवा कान उचलून, उलटा करून डावीकडे चिकटवला होता.

“नमिता, बाबांचा कान बघितलास?”

“तुमाला काय चांगलं झालेलं बघवतच नाय का?” ती एकदम उसळली. इतकी जोरात, की दिपेशला कळलं, हिनंही बघितलाय.

मग त्याला आणखी एक गोष्ट कळली. त्यानं स्टुडिओत बसून प्लायला कान लावला. आत बाबा दुपारचे झोपले होते. श्वास ऐकू येत नव्हता. करवतीसारखा नाही, झाडूसारखाही नाही. आपल्याला कुणी ऐकत नाही असं वाटलं की ते श्वास घ्यायची तसदी घेत नव्हते.

आणि माझा बाप कुठं आहे, हा प्रश्न दिपेशच्या छातीत धोंड्यासारखा येऊन बसला. त्याला ओरडावंसं वाटलं. आपण त्याला खणात टाकलं.

८

त्यानं वेळ बघून केलं. संध्याकाळी बाबा ओट्यावर शेजारच्या पोपटकाकांशी बोलत होते. नमिता कपडे घडी करत होती. दिपेशनं नवी डिस्क काढून टेबलावर ठेवली आणि खणातली जुनी लावली. एका वेळी एकच चालते, असं मशीननंच सांगितलं होतं. ही चालू झाली की तो बाहेरचा जाईल, एवढा सरळ हिशोब त्याच्या डोक्यात होता.

डिस्क कण्हली, फिरली, अडली, फिरली. लाल दिवा पेटला. बराच वेळ गेल्यावर ‘टक्’ झालं.

मागच्या रिकाम्या खोलीत करवत सुरू झाली.

दिपेशच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग त्यानं बाहेर कान दिला. ओट्यावर पोपटकाका कशावर तरी हसत होते, आणि त्यांच्या हसण्यात दुसरं एक मवाळ हसू मिसळलेलं होतं. नवी डिस्क टेबलावर सुटी पडलेली होती, कशालाही न जोडलेली. तिची आता कुणाला गरज उरली नव्हती.

हसणं थांबलं. ओट्यावरून पावलं आत आली.

बाबा स्टुडिओच्या दारात उभे राहिले, पांढऱ्याशुभ्र जाकिटात. हे जाकीट घरात कुणी आणलं होतं, दिपेशला माहीत नव्हतं. नमिता कपड्यांची चळत छातीशी धरून त्यांच्यामागे आली. प्लायच्या पलीकडची करवत तिनं ऐकली. तिचा चेहरा पिठासारखा झाला.

“दिपेश,” बाबा प्रेमानं म्हणाले, “ते बंद कर.”

“दिपू,” पलीकडून घोगरा आवाज आला. “आरं दिपू. कोन आयलाय घरान?”

नमितानं एकदा पार्टिशनकडे बघितलं आणि एकदा आपल्या शेजारी ताठ उभ्या असलेल्या माणसाकडे. उन्हाळ्यापासून तिनं म्हाताऱ्याचं सगळं केलं होतं, गू-मूतसुद्धा. ती हळूच म्हणाली, “बंद करा ना. त्यांना अजून किती त्रास द्यायचा?”

तिनं कुणाच्या बाजूनं म्हटलं, हे दिपेशला नीट कळलं, आणि तिच्यावर रागावणं त्याला जमलं नाही. पण बटणाकडे त्याचा हात गेला नाही. तो उठला, दोघांच्या मधून वाट काढत मागच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

पलंग भिंतीपर्यंत मोकळा दिसत होता. दिपेश कडेला बसला आणि चादरीखाली हात घातला. आत एक हात होता. सुकलेला, वल्ह्याचे घट्टे पडलेला, गार. त्या हातानं त्याची बोटं धरली.

“हायस नं रं तू?”

“हाय बाबा. इथंच हाय.”

“मना वाटला, गेलास.”

“कुठं नाय गेलो.”

पुढच्या खोलीत पावलं टेबलापाशी गेली. भिंतीवरचा खटका दाबल्याचा आवाज आला, मग कॉम्प्युटरचा पंखा मंद मंद होत थांबला. डिस्क शेवटचा एक फेरा फिरली. बाबांनी श्वास आत घेतला होता, तो बाहेर आला, लांब, खूप वेळ.

“नमिता,” बाहेरून गोड आवाज आला, “चहा टाकतेस का?”

थोड्या वेळानं गॅस पेटल्याचा आवाज आला. चादरीखालची बोटं अजून त्याच्या बोटांत होती. दिपेश ती धरून पुढच्या श्वासाची वाट बघत बसला.